सॅटर्न एस-मालिका: तेल आणि सेन्सर
जनरल मोटर्सने 1985 मध्ये सॅटर्न ही मोटार कंपनी काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलमधून पहिली गाडी 1990 मध्ये बाहेर पडली. 2009 मध्ये सॅटर्न विकत घेऊ पाहणाऱ्या पेन्स्के कंपनीबरोबरचा सौदा फिसकटला आणि सगळं आवरलं. हळहळ वाटते, कारण एस-मालिकेची गाडी टिकाऊ आहे. दारांवर, फेंडरवर प्लास्टिकचे पॅनेल, ते गंजत नाहीत.

1.9 लिटरचं इंजिन मात्र तेल पितं. पिस्टनच्या ऑइल रिंगा कार्बनने चिकटतात, सिलिंडरवरचं तेल खरवडलं जात नाही, जळून जातं. दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) बघाच. तेल फार घटलं की इंजिनातल्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो.

पेट्रोल उगाच जास्त लागतंय? इंजिन गार असताना कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर काढून बघा. जुन्याचं प्लास्टिकचं टोक तडकतं, कूलंट कनेक्टरमध्ये झिरपतं, पिना हिरव्या पडतात, गाडीच्या संगणकाला इंजिन थंडच वाटत राहतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. पितळी टोकाचा सेन्सर बसवा, सोबत कनेक्टरही बदला.