सूत, अर्धा सूत : सहावा आठवडा

टेप लावला की पाच सूत झालं की सहा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इथेच माझी गाडी अडायची. मग मिलिमीटर करा, कॅल्क्युलेटर काढा, आणि फळी चुकीची कापा. म्हणून दीड महिन्यापूर्वी कॅल्क्युलेटर खणात टाकला. आता रोज जेवणानंतर वीस मिनिटं दोन स्टीलपट्ट्या घेऊन इंचाच्या अपूर्णांकांचा सराव करत बसतो. वर्तकनगरातल्या आमच्या गॅलरीत याहून मोठं काही मांडताही येत नाही.

बेरीज आता हातात बसली आहे. खालच्या पट्टीवर पाच सूत, म्हणजे ५/८, शोधायचं आणि वरच्या पट्टीचं शून्य तिथे आणायचं. वरच्या पट्टीवर ३/१६ वर नख टेकवलं की खाली थेट १३/१६ दिसतं. छेद समान करायचं काम रेघाच करतात. वजाबाकीत उलटं: १३/१६ च्या समोर ३/१६ आणायचं, शून्याखाली उत्तर. फक्त शाळेतली प्लास्टिकची पट्टी घेऊ नका. तिचं शून्य टोकापासून थोडं आत असतं, आणि टोक धरून मोजायची सवय असली की दर वेळी तेवढाच घोळ.

लहानमोठं ओळखण्यात अजून फसतो. ११/१६ मोठं की ३/४? आकडे बघितले की हात अकराकडेच जातो. पट्टीवर मात्र अकरावी रेघ पाऊण इंचाच्या एक घर अलीकडे.

इंचाचा एक तृतीयांश पट्टीवर नसतोच. सव्वापाच इंची फळीचे तीन समान भाग हवे होते, तर पट्टी तिरकी धरली: शून्य एका कडेवर, सहा इंच दुसऱ्या कडेवर. २ आणि ४ वर खुणा केल्या, झालं. भागाकार नाही, काही नाही! हे कळलं त्या रात्री मी घरभर सगळ्यांना दाखवत फिरलो.

आमचे आजोबा पावकी, निमकी, पाउणकी घडाघडा म्हणायचे, औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. मला निमकीच जेमतेम येते.

रविवारी डबा केला. आतून साडेसात इंच, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच प्लाय, म्हणून झाकण साडेआठ. बेरीज पट्टीवर दोनदा तपासली. तरी झाकण जवळजवळ अर्धा सूत बाहेर! तासाभराने लक्षात आलं: दुकानात ज्याला अर्धा इंच म्हणतात तो प्लाय १२ मिमी असतो, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. दोन्ही बाजूंचे मिळून १.४ मिमी गायब. पाऊण इंचाचीही तीच गत, हातात येतो तो १८ मिमीचा, १९.०५ चा नाही.

झाकण पॉलिश पेपरने घासून आणलं, एक कोपरा जरा जास्तच गेला. आता मोजायला बसण्याआधी प्लायची कड पट्टीला लावून बघतो. आतल्या कप्प्यांच्या खाचा पुढच्या रविवारी.