गेम लगेच दिसतो, मग पिक्चरच्या एका फ्रेमला एवढे तास का?

मी ॲनिमेशन पिक्चरच्या लाइटिंग आणि रेंडरिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर रचलेल्या दृश्याचं उजेडासकट चित्र काढायचं काम करते हे कळलं की बरेच जण हेच विचारतात, की घरचं प्लेस्टेशन सेकंदाला साठ चित्रं काढतं आणि भारी काढतं, मग तुमच्या ॲनिमेशन पिक्चरचं घोडं एका फ्रेमवर एवढं का अडतं? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

सेकंदाला 60 म्हणजे एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद. आणि 2013 च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'च्या एका फ्रेमला पिक्सारमध्ये 29 तास लागायचे, तेही रेंडर फार्म, म्हणजे हजारो प्रोसेसर-कोअर असलेला कॉम्प्युटरांचा ताफा, हाताशी असताना.

हे तास जातात कुठे, तर उजेडात. पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढायच्या पद्धतीत, एकेका पिक्सेलमधून शेकडो किरण सोडायचे, ते भिंतीवर आपटणार, कपड्यावर आपटणार, कातडीच्या आत शिरून बाहेर येणार, लाल फरशीचा रंग हनुवटीखाली उमटतो तो यातूनच. किरण कमी पडले की चित्र दाणेदार होतं, आणि तो दाणा निम्म्यावर आणायचा तर किरण चौपट लागतात, चौपट! म्हणून शेवटची सफाईच सगळ्यात महाग पडते. आता डिनॉइजर, म्हणजे दाणा पुसणारे प्रोग्रॅम, बरंच सांभाळून घेतात, पण मशीन फास्ट झालं की डायरेक्टरला अजून केस, अजून धुकं हवं असतं, त्यामुळे वाचलेला वेळ तिकडेच जातो.

गेमवाल्यांना हे परवडतच नाही. ते जागच्या भिंतींवरचा उजेड आधीच काढून बेक करून, म्हणजे भिंतीच्या चित्रातच पक्का करून ठेवतात, लांबच्या वस्तूंचे पॉलिगॉन, म्हणजे वस्तू ज्यांनी बनते ते छोटे तुकडे, कमी करतात, कॅमेऱ्याला न दिसणारं काढतच नाहीत. 2018 पासून किरणांचं गणित झटपट करणारी आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं आली, 2023 मध्ये 'सायबरपंक 2077' या गेममध्ये पाथ ट्रेसिंगसुद्धा आलं, पण तिथे पिक्सेलमागे अगदी मोजके किरण, बाकीचं मागच्या फ्रेममधून आणि न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे एआयकडून, भरून घेतात. याला कोणी फसवाफसवी म्हटलं की मला खरंच राग येतो. आमचा कॅमेरा ठरलेला असतो, त्याच्या मागची भिंत कित्येकदा बांधलेलीच नसते, नाकाची सावली चुकली तर आम्ही तेवढा शॉट परत काढतो. खेळणारा कुठे मान वळवेल हे गेमला माहीतच नसतं, आणि परत काढायला वेळही नसतो.

मग पुढचा प्रश्न येतो, की पिक्चर गेमसारखा काढता येणार नाही का? येतो की. लॅटव्हियाचा 'फ्लो' हा ॲनिमेशन पिक्चर ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या ईव्हीवर, म्हणजे गेमसारखं झटपट चित्र काढणाऱ्या रिअल-टाइम रेंडररवर काढला, फार्म नाही काही नाही, डायरेक्टरच्या स्वतःच्या पीसीवर, फ्रेमला अर्धा ते दहा सेकंद, आणि 2025 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यातल्या मांजराच्या अंगावर केस मोजून बसवलेले नाहीत, रंगवल्यासारखे आहेत, आणि त्या गोष्टीला तेच शोभतं. पण लाखो केसांचा राक्षस खिडकीतल्या उन्हात बसवायचा असेल, तर मी अजूनही तासच मागेन.