क्राकूफच्या चौकाखालचं शहर

पोलंडमधल्या क्राकूफचा मुख्य चौक सगळेच बघतात. त्याच चौकाच्या फरशांखाली, साधारण चार मीटरवर, 'रिनेक अंडरग्राउंड' नावाचं संग्रहालय आहे. चौकात २००५ पासून खोदकाम झालं, आणि जे सापडलं ते तिथल्या तिथेच ठेवून २०१० मध्ये ते लोकांना खुलं केलं.

प्रवेश सुकिएन्नित्से या जुन्या कापडबाजाराच्या इमारतीतून, सेंट मेरी चर्चच्या बाजूने. तिकिटावर वेळ दिलेली असते आणि आत ठरावीक माणसंच सोडतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. बंद असण्याचे दिवसही तेव्हाच बघून घ्या.

आत शिरताच धुक्याचा पडदा. त्यावर जुना बाजार हलताना दिसतो आणि आपण त्यातूनच आरपार जायचं. मुलांना तिथून पुढे नेणं कठीण! पुढे आवाज, होलोग्राम, टचस्क्रीन यांची रेलचेल आहे. खरं सांगू? सगळे स्क्रीन बघायच्या फंदात पडू नका, डोकं भणभणतं.

नजर खाली ठेवा. बाजारातले मूळ दगडी रस्ते, दुकानांचे पाये, लाकडी पाण्याचे नळ, हे सगळं खरं आहे. मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती शिशाच्या एका भल्यामोठ्या लादीपाशी. वजन जवळपास ७०० किलो. शेजारच्या काचेत मात्र नखाएवढे फासे आणि मणी. मीठ, तांबं, शिसं यांच्या व्यापारावर हे शहर गब्बर झालं, हे ती लादी बघूनच पटतं.

जाण्याआधी दोन सालं लक्षात ठेवा: १२४१ मध्ये मंगोल स्वारीत शहर उद्ध्वस्त झालं, १२५७ मध्ये नवी सनद मिळून आजचा चौक आखला गेला. मग कुठला थर कधीचा ते चटकन लागतं. त्याही आधीची, ११व्या शतकातली दफनभूमी इथे आहे. काही सांगाडे हातपाय आखडून पुरलेले. मेलेला माणूस उठून छळू नये म्हणून असं केलं असावं, असं मानतात. घाबरट मुलांना आधी कल्पना द्या.

दीड-दोन तास हाताशी ठेवा. आत बराच अंधार आहे, काचेच्या मार्गिकांवरून चालावं लागतं, तेव्हा ज्येष्ठांचा हात धरा. आणि भूक लागली तर चौकातल्या हॉटेलांत पैसे घालवण्यापेक्षा गाडीवरचा ओब्वाझानेक, म्हणजे कड्यासारखा पाव घ्या, तिळाचा.