इंटर्नशिपची यादी ठरवताना

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप करावी लागते, आणि ती बहुतेकांना देशव्यापी ‘मॅच’मधून, म्हणजे अर्जदार आणि जागा यांच्या जोड्या लावण्याच्या प्रक्रियेतून मिळते. शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात मुलाखती, मग दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम. फेब्रुवारीत निकाल लागतो आणि तो बंधनकारक असतो. नाव लागलं तिथे जायचंच. म्हणून सगळा विचार यादी करतानाच करायला हवा.

माझ्या यादीला पहिली कात्री व्हिसाने लावली. मला ट्रॉमावर, म्हणजे मानसिक आघातावर, काम करायचं होतं. त्यासाठी माजी सैनिकांची सरकारी ‘व्हीए’ रुग्णालयं उत्तम, पण तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. वाईट वाटलं. मग हा मॅच चालवणाऱ्या ‘अ‍ॅपिक’ या संस्थेच्या डिरेक्टरीत नागरिकत्वाची अट नसलेल्या जागा वेगळ्या काढल्या आणि विद्यापीठांशी जोडलेली रुग्णालयं, सार्वजनिक मानसोपचार केंद्रं यांत ट्रॉमाचं काम शोधू लागले.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. पूर्णवेळ सीपीटीचे (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीचे) १२ महिने भरले की त्या पदवीवरची ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) जाते, म्हणजे पुढच्या पोस्टडॉकचा, पीएचडीनंतरच्या प्रशिक्षणाचा, रस्ताच अडतो. इंटर्नशिप संपण्याची तारीख थोडी अलीकडे आणता येईल का, हे साइटला (इंटर्नशिपच्या ठिकाणाला) आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधीच विचारावं.

माहितीपत्रकं वाचून फारसं हाती लागत नाही, सगळ्यांची भाषा सारखीच. मी थेट तक्त्याकडे जायचे. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या साइटला स्टायपेंड, आरोग्यविमा, रजा आणि आधीचे इंटर्न पुढे कुठे गेले हे जाहीर करावं लागतं. मोठ्या शहरात त्या स्टायपेंडमध्ये घरभाडं तरी निघेल का, याचा हिशोब तिथेच व्हायचा.

आईचा आग्रह होता, “न्यू जर्सीत मामा आहे, तिकडचंच बघ.” मामासाठी नाही, पण तिथल्या एका केंद्राचं नाव मी ठेवलं. त्या भागात भारतीय कुटुंबं दाट आहेत, आणि घरातलं दुखणं मराठीत सांगणारा कुणी समोर बसला तर ते ऐकून घेण्याची मला मनापासून इच्छा होती.

साधारण १५ अर्ज पुरतात, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. माझी कसोटी कव्हर लेटरची होती. ‘इथेच का?’ याचं उत्तर दुसऱ्या साइटला जसंच्या तसं चिकटवता आलं, की ते नाव यादीतून बाद. काही नामांकित रुग्णालयं अशीच गेली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

शेवटची निवड मात्र तिथल्या इंटर्नशी बोलून केली. प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला: संध्याकाळी पाचला पेशंट आत्महत्येबद्दल बोलू लागला, तर सुपरवायझर कुठे असतो? काहींनी क्षणात सांगितलं, “शेजारच्या खोलीत.” त्या साइट्स मी वर घेतल्या.