सहा वाजता बंद झालेली लेथ

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये संध्याकाळी सहाला मामांनी लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन, बंद केलं. तीस वर्षं लेथवर काम करणारे टर्नर. मशीनच्या बेडवरचा धातूचा कीस काढला, तेलाचा हात फिरवला, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला. ऑर्डर उद्या दुपारी द्यायची होती. म्हटलं, "मामा, आज दहापर्यंत थांबा की."

"दमलेल्या हाताला माप कळत न्हाई मालक. सकाळी सातला येतो, बाराच्या आत देतो."

मला राग आला, खरं सांगतो. मग कोपऱ्यातल्या क्रेटकडं लक्ष गेलं. काल रात्री अकरापर्यंत मी ज्या पोराला थांबवलं होतं, त्याचे चौदा बुश, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्या, त्यात पडलेत. सगळ्यांचं बोअर, आतलं भोक, मापापेक्षा मोठं झालंय. चूक त्याची नाही, माझी आहे. दिवसभर उभा होता तो.

आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्यात घातली होती, जादा कामाला दुप्पट दरही. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. मी स्वतः कित्येक वर्षं सत्तर तास राबतोय आणि त्यालाच कष्ट म्हणत आलोय. मामांइतकं चोख काम मात्र माझ्या हातून होत नाही.

पोराला फोन करून माफी मागितली. बुशचे पैसे त्याच्या पगारातून कापणार नाही. उद्यापासून शेडचं शटर साडेसहाला खाली.

आत्ता रंकाळ्यावर बसलोय. उजेड असताना इथं शेवटचा कधी आलो होतो, आठवत नाही.