आजी-माजींचा सामना

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची चाहूल मला नाटकाच्या तालमींवरून कधीच लागली नाही. ती लागायची मैदानावर पाणी मारल्यावर उठणाऱ्या मातीच्या वासाने. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिपाईमामा सकाळच्या प्रार्थनेआधीच मैदान भिजवू लागत, पुढे दोन दिवसांनी फक्कीने खो-खोचे मैदान आखले जाई आणि दोन्ही टोकांचे लाकडी खांब, कोणाच्या हाताला कूस लागू नये म्हणून, काचकागदाने घासून घेतले जात. मी १९८८ साली कोल्हापुरातल्या या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. खेळाशी माझा संबंध इतकाच, की लहानपणी खो-खोच्या पाटीवर, म्हणजे आखून दिलेल्या जागी, बसले असता ‘खो’ मिळण्याआधीच मी उठत असे आणि संघाला फाउल मिळवून देत असे. तरीही दुसऱ्याच वर्षी मोठ्या बाईंनी माजी खेळाडूंच्या सत्काराचे काम माझ्याकडे सोपवले, कारण, त्यांच्याच शब्दांत, माझे अक्षर बरे होते आणि पत्रे पुष्कळ लिहायची होती.

संमेलन तीन दिवसांचे असे. पहिला दिवस मैदानी स्पर्धांचा, दुसरा विविध गुणदर्शनाचा आणि तिसरा बक्षीस समारंभाचा. शाळेतून जाऊन जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या तीन-चार माजी विद्यार्थिनींना दरवर्षी बोलावायचे आणि बक्षीस समारंभाआधी त्यांचा सत्कार करायचा, ही प्रथा माझ्याही आधीची होती. काम ऐकायला सोपे वाटते; पण मुलींच्या शाळेत माजी विद्यार्थिनी शोधणे म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मुलांच्या शाळेतला खेळाडू वीस वर्षांनीही त्याच आडनावाने, बहुतेक वेळा त्याच गल्लीत सापडतो. आमच्या मुलींचे आडनाव बदललेले, गाव बदललेले आणि पुष्कळदा सासरच्या पद्धतीप्रमाणे पाळण्यातले नावही बदललेले. दाखल्याच्या रजिस्टरातल्या पत्त्यावर पत्र टाकले, की ते ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत येई, किंवा माहेरी भाऊ-भावजय असतील तर भावजयीच्या हातचे उत्तर येई की वन्सं इचलकरंजीला दिल्या आहेत, कळवू. त्या ‘कळवू’वर मी कित्येक डिसेंबर काढले आहेत.

नावाचा हा गुंता सर्वांत जास्त जाणवला तो सन्मानफलकाच्या वेळी. मैदानाकडे उघडणाऱ्या व्हरांड्यात सागवानी फळा लावून त्यावर सत्कारमूर्तींची नावे रंगवून घ्यायची असे ठरले, आणि रंगाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला की नाव माहेरचे लिहू का सासरचे? शिक्षकखोलीत यावर दोन दिवस चर्चा झाली. एका बाईंचे म्हणणे असे, की आज ज्या नावाने ती बाई ओळखली जाते तेच लिहिले पाहिजे, नाहीतर तिच्या घरच्यांना वाईट वाटेल. दुसऱ्या म्हणाल्या, दोन्ही लिहावीत, पण मग फळा पाच वर्षांतच भरेल. मोठ्या बाईंनी शेवटी निकाल दिला, की ज्या नावाने पंचांनी तिला मैदानात बोलावले तेच नाव फळ्यावर राहील. मला तो निकाल तेव्हा थोडा कडक वाटला होता. पुढे सत्काराला आलेल्या बायका व्यासपीठावर जाण्याआधी त्या फळ्यासमोर थांबून स्वतःचे माहेरचे नाव पुन्हा पुन्हा वाचताना मी पाहिल्या, आणि माझे मत बदलले.

सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि कोल्हापुरी फेटा. बायकांना फेटा बांधायचा की नाही यावर मात्र आमच्याकडे कधी वाद झाला नाही. उलट फेटा बांधणारे काका येईपर्यंत कार्यक्रम खोळंबून राहत असे. पूर्वी फेट्याबरोबर मोठ्या बाई प्रत्येकीची ओटीही भरत. एका वर्षी राज्य पातळीवर कबड्डी खेळलेल्या आणि अकाली वैधव्य आलेल्या एक बाई सत्काराला आल्या होत्या. ओटीचे तबक पुढे आले तशा त्या खुर्चीतून उठून हळूच मागे सरकू लागल्या. मोठ्या बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी काही न बोलता पहिली ओटी त्यांचीच भरली आणि मग बाकीच्यांकडे वळल्या. सभागृहात क्षणभर शांतता पसरली, नंतर मागच्या रांगेतल्या दहावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाविषयी शिक्षकखोलीत नंतर कोणी अवाक्षर काढले नाही, पण पुढच्या वर्षांत ओटी अशीच भरली जात राहिली.

सगळेच काही असे साधले नाही. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी स्त्रीशक्तीवर पाऊण तास भाषण केले. पोलीस संघातून खेळणारी, बँकेत रोखपाल असलेली आणि शिरोळकडे ऊसशेती सांभाळणारी अशा तिघी फेटे बांधून तेवढा वेळ समोर बसून राहिल्या, आणि वेळ संपल्यामुळे त्यांच्यापैकी एकीलाही बोलायला मिळाले नाही. कार्यक्रमपत्रिका माझ्या हातची होती, त्यामुळे दोषही माझाच. पुढच्या वर्षीपासून मी क्रम उलटा केला. आधी मैदानावर आजी-माजी विद्यार्थिनींचा खो-खोचा सामना, मग खेळाडूंची मनोगते आणि सर्वांत शेवटी पाहुणे. पाहुणे नाराज होत, पण मुली जागेवरून हलत नसत.

कोल्हापूरची ओळख तांबड्या मातीची आणि कुस्तीची असली, तरी महिलांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१च्या हंगामात याच शहरात झाली, ही गोष्ट आमच्या पीटीच्या बाई दर संमेलनात न चुकता सांगत. २००६ साली तेजस्विनी सावंत यांनी मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजीची दोन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा शहरातल्या प्रत्येक मुलींच्या शाळेला आनंद झाला आणि, खरे सांगायचे तर, थोडा मत्सरही वाटला, कारण त्या उषाराजे हायस्कूलच्या, आमच्या नव्हेत. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरायच्या प्रकारात, त्यांनी विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण मिळवले आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. त्याच शाळेत एनसीसीत बंदूक हाती आलेल्या राही सरनोबत यांनी आपल्या शाळेतल्या या मोठ्या मुलीकडे पाहून प्रेरणा घेतली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला त्याच. पुढे टोकियो ऑलिंपिकला या दोघीही गेल्या. एका शहरातल्या एका मुलींच्या शाळेचे हे संचित पाहून आमच्या मुलींनी मोठ्या बाईंकडे रायफल मागितली होती. रायफल काही आली नाही, दुधाळीच्या रेंजवर एक सहल मात्र निघाली.

आमच्या शाळेची मदार खो-खोवरच राहिली. खो-खोतल्या बाईला प्रसिद्धी मिळणे किती कठीण होते, याची कल्पना आजच्या मुलींना येणार नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या खेळाला तो मान तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. जानेवारी २०२५मध्ये प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने दिल्लीत पहिला महिला विश्वचषक जिंकला आणि अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, त्या संध्याकाळी आमच्या माजी विद्यार्थिनींच्या फोनवरच्या गटात मध्यरात्रीपर्यंत कोणी झोपले नाही. मॅटवरच्या खेळात मातीची मजा नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत होते.

त्या गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्येची गोष्ट २०१२ सालची आहे. व्हरांड्यात १९७१च्या विजयी संघाचे छायाचित्र टांगलेले होते. त्यातल्या बाराजणींपैकी अकराजणींचा पत्ता मी वर्षानुवर्षे खटपट करून मिळवला होता, एकीचे पत्र मात्र तीनदा परत आले होते. एके दिवशी पाचवीतली एक मुलगी त्या छायाचित्राखाली उभी राहून मला म्हणाली, “बाई, ही तर माझी आजी.” आजी शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होत्या. त्या संमेलनाला आल्या, फेटा त्यांनी नंतर बांधू असे सांगितले आणि साडीचा पदर खोचून माजी संघाच्या पहिल्या तुकडीत पळतीला, म्हणजे पाठलाग चुकवायला, उतरल्या. छप्पन्न वर्षांच्या बाईंना सांभाळून घ्या, असे पीटीच्या बाईंनी आजी संघाला बजावले होते. पण त्यांनी खांबाजवळ पहिली हूल दिली आणि नववीतली आक्रमक मुलगी भलत्याच बाजूला धावत गेली, तेव्हा ती सूचना सगळेच विसरले. त्या बाद न होता किती वेळ टिकतात हे मोजायचे घड्याळ नातीच्या हातात होते. आजी बाद झाल्या, धापा टाकत माझ्या टेबलाशी आल्या आणि मी वहीत काय लिहिते ते वाकून पाहू लागल्या. नातीने मला सांगितले, “एक मिनिट.”

“आणि वरचे अकरा सेकंद?” आजींनी नातीकडे पाहत विचारले. “ते कुठे गेले?”

नातीने घड्याळ पुन्हा पाहिले. मी वहीतला आकडा खोडून नवा लिहिला, तेव्हाच त्या फेटा बांधायला गेल्या.