चांगदेवच्या संगमावर लहान मुलं नेताय? आधी हे वाचा

जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवला जायला भुसावळहून निघताना ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं, "पाणी एकदम संथ आहे भाऊ, पोरांना बिनधास्त खेळू द्या." साफ चुकीचं आहे हे. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ हतनूर धरणाचं पाणी फुगलेलं असतं, म्हणून ते तळ्यासारखं शांत दिसतं. खाली मात्र गाळ. सुरुवातीला घोटाभर पाणी होतं, पुढच्याच पावलाला मांडी बुडाली आणि पाय असा रुतला की चप्पल तिथेच राहिली. भाची कडेवर होती. ती पायी असती तर थेट नाकातोंडात पाणी.

दुसरा संताप नावेचा. बसेपर्यंत एक भाव, बसल्यावर दुसरा, वर लाइफ जॅकेटचे वेगळे पैसे. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण भाचीला दिलेलं जॅकेट मोठ्या माणसाचं होतं. खांद्यांना धरून वर उचललं तर सरळ कानापर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर तरंगलं असतं आणि पोर खाली गेली असती. आम्ही उतरलो. वजनाप्रमाणे मिळणारं, दोन पायांमधून पट्टा असलेलं जॅकेट घरूनच घेऊन जा. नसेल तर नावेत बसायचंच नाही. हवेची ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे.

मंदिर पाहिलं, भरीत-भाकरी झाली, सगळं छान.

महाशिवरात्रीच्या यात्रेत तर "सगळे आहेत की" म्हणता म्हणता कोणाचंच लक्ष नसतं. एका मोठ्या माणसाला नेमा, त्याचा मोबाइल काढून घ्या, मूल कायम हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागे, एवढंच दिसतं. पोहता येत नसेल तर मागे उडी टाकू नका. दोर, साडी, धोतर, जे असेल ते फेका.

बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं बंद करा, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने लगेच रुग्णवाहिकेचा १०८ लावायचा.

पावसाळ्यात मुलांना घेऊन काठावर उतरूच नका. इथे ऊन असलं तरी वर बऱ्हाणपूर-मेळघाटकडे कोसळला की नदी चढते.